टर्बो लावलेल्या मियाटासाठी गिअरबॉक्स पाचचा की सहाचा?

पहिल्या दोन पिढ्यांतली माझदा मियाटा, म्हणजे एनए किंवा एनबी, हाताशी आहे आणि टर्बो लावायचं ठरलंय. मग पहिला प्रश्न हमखास येतो: गिअरबॉक्स किती हॉर्सपॉवर झेलेल? याला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विसंबू नका. गिअरचे दात तुटतात ते टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनाच्या पिळणाऱ्या जोरामुळे, आणि त्याहून जास्त, तो टॉर्क ज्या झटक्यानं येतो त्यामुळे.

हिशेब करून बघा. किलोवॅटला ९,५४९ ने गुणून आरपीएमने भागलं की न्यूटन-मीटर मिळतात. १५० किलोवॅट, म्हणजे साधारण २०० हॉर्सपॉवर, ७,००० आरपीएमला काढले तर टॉर्क होतो २०५. तेच १५० किलोवॅट लवकर जोर धरणाऱ्या छोट्या टर्बोनं ४,००० ला काढले तर ३५८. दोन्ही गाड्या २०० हॉर्सपॉवरच्याच म्हणवल्या जातील, पण गिअरबॉक्सवरचा भार पावणेदोनपट. म्हणून खाली मी न्यूटन-मीटरमध्येच बोलतो.

पाच गिअरचा बॉक्स दीडशेच्या आसपास टॉर्क देणाऱ्या इंजिनासाठी बनला होता. त्याचं गिअर बदलणं इतकं हलकं आणि नेमकं आहे की तो काढून टाकताना खरंच जिवावर येतं. थंडीत सकाळी दुसरा गिअर थोडा अडतो, पण तेल तापलं की सुधारतो. माझ्या मते त्याची समंजस मर्यादा २५० न्यूटन-मीटर. तीही कमाल टॉर्क ४,००० च्या वर येत असेल आणि गाडी हिरव्या दिव्यावर क्लच फेकून सोडली जात नसेल तर.

बहुतेकदा तिसरा गिअर आधी का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या-दुसऱ्यात टायर घसरतात आणि जादा जोर तिथेच वाया जातो. तिसऱ्यात टायर पकड धरतात, बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा, पूर्ण असतो आणि सगळा भार दातांवर येऊन बसतो. तिरक्या दातांचे गिअर भाराखाली एकमेकांना दूर ढकलतात. शाफ्ट किंचित वाकतो, केसिंगही किंचित ताणतं, आणि पूर्ण रुंदीवर टेकायला हवा तो दात कडेवर टेकतो. तिथून चीर सुरू होते. चौथ्याचं गुणोत्तर १.०००, म्हणजे जोर काउंटरशाफ्टला (बॉक्समधल्या शेजारच्या दुसऱ्या दांड्याला) वळसा न घालता सरळ मागे जातो, म्हणून चौथा सगळ्यांत सुरक्षित. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चौथ्यात सुखरूप निघालेला आकडा तिसऱ्यातही सुखरूप निघेल, असं म्हणूनच धरून चालू नका.

सहाचा बॉक्स एनबीबरोबर आला. तो आयसिन या जपानी कंपनीचा आहे, आणि निसान सिल्व्हिया एस१५ च्या स्पेक-आरमध्येही याच कुळातला बॉक्स होता. त्या इंजिनाचा टॉर्क सुमारे २७५ होता आणि गाडीही मियाटापेक्षा जड. हलक्या गाडीत तोच टॉर्क बॉक्सला कमी वेळ सोसावा लागतो, कारण गाडी लवकर पुढे सुटते. २००४ साली माझदानं स्वतः टर्बोची मियाटा काढली, १७८ हॉर्सपॉवर आणि २२५ न्यूटन-मीटरची, तेव्हा त्यांनी सहाचाच बॉक्स घातला. माझ्यासाठी हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. ३२० ते ३५० पर्यंत मी त्याच्यावर निर्धास्तपणे भरवसा ठेवीन.

मात्र सहाव्या गिअरमुळे हायवेवर इंजिन शांत होईल, या आशेनं तो घेऊ नका. पाचच्या बॉक्समध्ये शेवटचा गिअर ०.८१४ आणि ४.१ चा डिफ (मागच्या चाकांना जोर वाटणारा शेवटचा गिअरसंच), गुणाकार ३.३४. सहाच्यात ०.८४३ आणि ३.९०९, गुणाकार ३.३०. फरक नावापुरताच. उलट पहिला गिअर ३.१३६ वरून ३.७६० होतो, म्हणजे तो लगेच संपतो आणि टर्बोच्या गाडीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. गिअर टाकताना हाताला थोडा खरखरीतपणाही जाणवतो. १.६ ची एनए असेल तर आधी मागे बघा: तिचा लहान डिफ कोणत्याही गिअरबॉक्सच्या आधी हार मानू शकतो. १९९४ पासूनच्या १.८ ला मोठा डिफ आहे.

तिसरा मार्ग सरळ दातांच्या गिअरसेटचा. बाजूचा रेटा नाही, ताकद भरपूर, पण आवाज दिवसभर कानात. ट्रॅकपुरती गाडी असेल तर उत्तम, रोजच्या गाडीला मी कधीच सुचवणार नाही. व्ही८ इंजिन घालणारे टी-५ किंवा टी-५६ हे गिअरबॉक्स बसवतात, पण तो वेगळाच प्रकल्प झाला.

२५० च्या आत राहायची तयारी असेल तर पाचचाच ठेवा आणि सगळं लक्ष ट्यूनिंगवर द्या. खालच्या आरपीएमला बूस्ट रोखा, किंवा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप) घ्या. त्याचा टॉर्क आरपीएमबरोबर हळूहळू चढतो. टॉर्क कापण्यात कमीपणा नाही. फोक्सवॅगननं १.८ च्या पोलो जीटीआयला मॅन्युअलसोबत ३२० न्यूटन-मीटर दिले आणि सात गिअरच्या ड्युअल-क्लचसोबत त्याच इंजिनाला २५० वर थांबवलं. क्लच स्प्रिंगवाल्या डिस्कचाच घ्या. स्प्रिंग नसलेली पक डिस्क प्रत्येक झटका थेट दातांवर नेते.

२५० च्या वर जायचंच असेल तर पाचचा तुटायची वाट न बघता सहाचा शोधा. जुनाच मिळणार, म्हणून विकणाऱ्यासमोर तेल काढायला सांगा आणि त्यात चुंबक फिरवा. राखाडी, लोण्यासारखा मऊ थर लागला तर ती नेहमीची झीज. पिवळसर कण चुंबकाला चिकटत नाहीत, ते सिंक्रोचे, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांचे. थोडे असतील तर भाव पाडून घ्या. चपटी, धारदार, चमकणारी कपची चिकटून आली तर बॉक्स तिथेच ठेवा. नवं तेल भरताना ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं घ्या.