समर कॅम्पमधली रेसिडेन्शियल काउन्सेलरची नोकरी: पगाराआधी रात्रीचं विचारा

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी होतात आणि तिथे शाळकरी मुलांचे निवासी कॅम्प भरतात. कोडिंग, संगीत, वादविवाद, बास्केटबॉल, विषय कुठलाही असो, शिकवणारे वेगळे असतात. सकाळी उठवण्यापासून रात्री दिवे घालवेपर्यंत वर्गाबाहेरचं जे काही असेल ते रेसिडेन्शियल काउन्सेलरच्या गळ्यात. जाहिरातीत ‘राहणं-जेवण फुकट, शिवाय मानधन’ एवढंच ठळक छापलेलं असतं.

मानधन आठवड्याचं असतं, म्हणून आधी भागाकार करून बघा. सकाळी 7 ते रात्री 11, मधली तीन तासांची सुट्टी वजा केली तर दिवसाचे 13 तास. सहा दिवसांचे 78. आठवड्याला 600 डॉलर धरले तर तासाला 7.69 पडतात, म्हणजे 7.25 या फेडरल किमान वेतनाच्या जेमतेम वर. रात्रीची ड्यूटी यात धरलेलीच नाही. ड्यूटीच्या रात्री झोपायला मिळतं, पण फोन उशाशी ठेवून. अशा रात्री आठवड्यात किती आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, हे करारात लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. तोंडी ‘बघू आपण’ला दुसऱ्या आठवड्यात काही अर्थ उरत नाही.

एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर पहिला प्रश्न वेगळाच: पगार विद्यापीठ देणार की विद्यापीठाची जागा भाड्याने घेणारी कंपनी? तुमचंच विद्यापीठ पगार देत असेल तर ते ऑन-कॅम्पस काम, आणि सुट्टीत पूर्णवेळ करता येतं. बाहेरच्या कंपनीचा कॅम्प तुमच्याच डॉर्ममध्ये भरला म्हणून ते काम ऑन-कॅम्पस ठरत नाही. डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय कागद भरू नका. पहिली पे-स्लिपही नीट वाचा. करासाठी नॉन-रेसिडेंट असलेल्या एफ-1 विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिथल्या सरकारी पेन्शन आणि आरोग्यविमा योजना) यांचे 7.65 टक्के कापले जायला नकोत. चुकून कापले जातात, आणि मागितल्याशिवाय परत येत नाहीत.

मग एका काउन्सेलरमागे मुलं किती, ते बघा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निवासी कॅम्पसाठीचा निकष 9 ते 14 वयाच्या 8 मुलांमागे एक आणि 15 ते 18 वयाच्या 10 मुलांमागे एक असा आहे. या असोसिएशनची मान्यता घेणं कॅम्पला ऐच्छिक असतं, त्यामुळे आकडा विचारूनच घ्यावा लागतो. विचारताना ‘मजल्यावर रात्री 11 नंतर प्रत्यक्ष किती जण?’ असंच विचारा. ऑफिसात बसणारे धरून काढलेलं प्रमाण कागदावर छान दिसतं.

कामात सगळ्यात जास्त चुका मोजणीत होतात. दोघं जण मोजतात, दोघंही एकच मूल धरतात, किंवा नर्सकडे गेलेलं मूल कुणीच वजा करत नाही. उपाय साधा आहे: प्रत्येक काउन्सेलरने फक्त आपलीच मुलं मोजायची, नावानिशी, इमारत सोडताना आणि पोचल्यावर. आकडा जुळेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही. मेस ते मैदान हे पाच मिनिटांचं अंतर सगळ्यात फसवं, कारण पाणी प्यायला एखादं मूल हमखास मागे राहतं.

ॲलर्जीचा घोळही असाच: मूल मैदानावर आणि एपिनेफ्रिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) नर्सच्या कपाटात. पेन त्या गटासोबत फिरलं पाहिजे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास कपड्यांवरून, टोचायचं, लगेच 911 या आपत्कालीन नंबरवर फोन, आणि मुलाला आडवं ठेवायचं. बरं वाटलं तरी चालवत न्यायचं नाही. प्रशिक्षणात नकली पेन प्रत्येकाच्या हातात देणारा कॅम्प चांगला. नुसती स्लाइड दाखवणाऱ्या कॅम्पबद्दल शंका घ्यावी. मेघगर्जना झाली की सगळे इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं मैदान बंद. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

घरची आठवण दिवसा फारशी येत नाही, दिवे घालवल्यावर येते. झोपायच्या आधी घरी फोन लावून दिला की रडू वाढतं. फोन दुपारी, जेवणानंतर. ‘नाही करमलं तर आई न्यायला येईल’ असं वचन कधीही देऊ नये. ते दिलं की मूल दिवस मोजायला लागतं.

मुलाशी एकट्याने बंद खोलीत बोलायचं नाही. व्हरांड्यात, दुसऱ्या कुणाला दिसेल असं बसून बोला. ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं मुलाने विचारलं तर आधीच सांगा की मार, छळ किंवा जिवाचा धोका असेल तर वर कळवावंच लागेल. ऐकल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

या नोकरीला पाचपैकी साडेतीन तारे. पुढे शिक्षण किंवा समुपदेशनात जायचं असेल तर चार, नुसते पैसे जमवायचे असतील तर दोन.

जाणार असाल तर सामानात टेबलफॅन हवा, कारण जुन्या डॉर्ममध्ये एसी नसतो. चादर ‘ट्विन एक्सएल’ मापाची घ्या. तिथली गादी 80 इंच लांब असते आणि साधी ट्विन चादर कोपऱ्यातून रोज रात्री निसटते. खोलीची किल्ली गळ्यातल्या दोरीत, अंघोळीलासुद्धा. दार आपोआप लॉक होतं आणि मुलं उठायच्या आत टॉवेलवर व्हरांड्यात उभं राहायची वेळ येते.