बाळसं नव्हे, चरबी: घोरपडीचं पिल्लू घेताना मी अशी फसले

दोन महिन्यांत आमच्या पिल्लाने असं अंग धरलं की बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय बाळसं आलंय! मलाही तसंच वाटायचं. शेपटीचं मूळ गरगरीत, पोट टम्म. मी हौसेने फोटो काढून विक्रेत्याला पाठवायचे आणि तो लगेच कळवायचा, "एकदम मस्त वाढतंय, असंच चालू ठेवा." तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ते पाण्याच्या भांड्यावर चढायला गेलं आणि पुढचे दोन्ही पाय बाजूला फाकले. पोट जमिनीला टेकलेलं, बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी त्याचा खालचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला. एक्सरेत हाडं इतकी फिकट की शोधावी लागत होती, आणि पुढच्या उजव्या पायाला बाक आलेला.

हे सव्हाना मॉनिटर, आफ्रिकेतल्या गवताळ भागातली घोरपड. अंड्यातून निघते तेव्हा वीतभरही नसते, पूर्ण वाढली की तीन-साडेतीन फूट होते. मला सांगितलं होतं, दोन फुटांच्या वर जात नाही, आणि लहान पेटीत ठेवलं तर आकारही लहानच राहतो. ही थाप फार जुनी आहे हे मला नंतर कळलं. पेटी लहान म्हणून कुठलीही घोरपड लहान राहत नाही. ती आजारी पडते, एवढंच.

सगळ्यात मोठी फसवणूक खाण्यात झाली. विक्रेत्याने पिल्लासोबत गोठवलेल्या उंदराच्या पिल्लांची पाकिटं दिली आणि "रोज दोन, मधूनमधून कच्चं अंडं" असा कागद हातात ठेवला. पिल्लू ते अधाशासारखं खायचं, त्यामुळे शंका कशी येणार? पण घानामध्ये रानातल्या या घोरपडींचा अभ्यास झाला आहे. त्यात त्यांचं खाणं म्हणजे प्रामुख्याने किडे, रातकिडे, पैसा नावाचे पुष्कळ पायांचे किडे, गोगलगायी असल्याचं दिसलं. रोजच्या उंदीर-अंड्यांनी चरबी साठते, यकृतावरही चढते. शिवाय नुकत्याच जन्मलेल्या उंदराची हाडं धड भरलेलीच नसतात, त्यामुळे त्यातून पिल्लाला कॅल्शियम फारसं मिळत नाही. म्हणजे वरून मेद वाढत होता आणि आत हाडं रिकामी होत होती. तो तजेला बघून मी खूश होत होते, हे आजही मनाला लागतं.

दुसरी थाप दिव्याची. निळसर उजेडाचा एक बल्ब "यूव्हीबी" म्हणून दिला होता. यूव्हीबी या अतिनील किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियमही हाडांत उतरत नाही. डॉक्टरांकडच्या मीटरखाली तो बल्ब धरला तर आकडा शून्य. नुसता रंग होता तो. खरी यूव्हीबी नळीसुद्धा काचेच्या झाकणावर ठेवली तर उपयोगाची नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. आणि नळीचा उजेड तसाच दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ती बदलावी लागते.

तापणारा दगडही त्याच संचात होता. त्याने पोटाची कातडी भाजते, तो ताबडतोब काढून टाका. या जनावराला ऊब वरून लागते. शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश सेल्सिअस आणि पेटीचा दुसऱ्या टोकाकडचा भाग २५-२७ अंश, म्हणजे त्याला हवं तेव्हा गरम, हवं तेव्हा गार होता येतं. माझ्याकडे तापमापकाच्या बंदुकीवर शेकायची जागा जेमतेम ३६ दाखवत होती. एवढ्यावर त्याला खाल्लेलं पचणार कसं?

आता कागदांबद्दल, कारण माझी फसगत सुरू झाली ती तिथेच. "फार्मवर जन्मलेलं आहे, रानातलं नाही" असं छापील प्रमाणपत्र मला मिळालं होतं. घरी आणल्यावर आठवड्याने त्याच्या काखेत राखाडी रंगाचे तीन दाणे दिसले. मला वाटलं, खवले असतील. त्या गोचिड्या होत्या. विष्ठेच्या तपासणीत जंतही निघाले. सव्हाना मॉनिटरची पैदास बंदिवासात फार क्वचित होते. घाना, टोगो, बेनिन इथून जी पिल्लं बाहेर जातात त्यातली कितीतरी रानातून धरलेली असतात, किंवा अंड्यावर आलेल्या माद्या पकडून त्यांची अंडी उबवलेली असतात. त्यालाच दुकानात "फार्म" म्हणतात. घोरपडीच्या झाडून सगळ्या जाती सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात आणि त्याच्या परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं: सी म्हणजे बंदिवासातली पैदास, आर म्हणजे रानातली अंडी वा पिल्लं आणून वाढवलेली, डब्ल्यू म्हणजे थेट रानातली. ते अक्षर दाखवा म्हणावं. आणि आई-बापाचे त्याच जागेतले फोटो मागावेत. माझ्या प्रमाणपत्रावर दुकानाचा शिक्का सोडून काहीच नव्हतं, आणि मी ते फाइलला लावून ठेवलं होतं. तुमच्याकडचा कायदा हा प्राणी पाळू देतो का, हे तर त्याच्याही आधी पाहायला हवं.

मी विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, दोन महिने तर छान वाढत होतं, तुमच्याच हातून काहीतरी चुकलं असणार." पुरावा म्हणून त्याने मीच पाठवलेले फोटो मला परत पाठवले. त्या फोटोंत पिल्लू खरंच गुबगुबीत दिसतं. त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही, कारण खाण्याचा तो कागद बिनसहीचा होता आणि पहिल्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. गेले असते तर गोचिड्या आणि जंत त्याच्याच दारातून आले, हे तारखेसकट सिद्ध झालं असतं.

पिल्लू जगलं. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं (ड जीवनसत्त्वाचे डोस स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर तेही घातक), उंदीर बंद केले. आता रातकिडे, झुरळं, गोगलगायी, गांडुळं. किड्यांना आधी नीट खाऊ घालायचं आणि मग कॅल्शियमची पूड लावून द्यायचे. पहिले काही आठवडे वजन उतरलं तेव्हा मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, उतरू दे, ती चरबीच आहे. कोरडा लाकडाचा भुसा काढून दोन फूट खोल ओलसर माती भरली, कारण कोरड्या हवेत हा प्राणी आतून सुकतो आणि मूत्रपिंडं जातात. मूठभर माती दाबली की गोळा टिकला पाहिजे, एवढी ओल हवी, नाहीतर बीळ ढासळतं.

पहिल्या दिवशी त्याने त्या मातीत नाक खुपसलं आणि बराच वेळ जीभ आतबाहेर करत बसलं. मग उकरायला लागलं. उजवा पाय वाकडाच राहिलाय, तो सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते डाव्या पायाने उकरतं, उजव्याने माती मागे लोटतं, आणि संध्याकाळपर्यंत शेपटीच्या टोकासकट आत गेलेलं असतं.