मुलाची उंची कमी वाटते? कोणता तक्ता धरायचा

शाळेत प्रार्थनेला मुलांना उंचीनुसार उभं करतात. आमची लेक दुसरीत रांगेत पहिली असायची. सात वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिची उंची भरली ११० सेंटीमीटर. वाढीच्या एका तक्त्यावर, म्हणजे वयानुसार उंचीच्या रेषा आखलेल्या कागदावर, तिचं टिंब सगळ्यांत खालच्या रेषेच्या किंचित खाली पडलं, दुसऱ्यावर त्याच रेषेच्या वर. मूल तेच, उंची तीच. ‘मग खरं काय?’ असा प्रश्न पडलेल्या आईबापांसाठी हे लिहिते आहे.

पहिला तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा. खरं तर हे दोन वेगळे तक्ते आहेत, आणि घोळ इथेच होतो. पाच वर्षांखालचा तक्ता २००६ चा. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, आईचं दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, चांगल्या परिस्थितीत वाढणारी मुलं निवडून तो तयार झाला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. सगळं नीट मिळालं तर लहान मुलं कुठेही जवळजवळ सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. म्हणून पाच वर्षांपर्यंत दुसरा तक्ता शोधायची गरज नाही. अंगणवाडीत मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असतो तो याच मापांवरचा. ‘आपली मुलं मुळातच लहान चणीची’ असं म्हणून या वयात खालचं टिंब सोडून देऊ नका. त्यामागे बहुतेकदा आहार, वारंवारची आजारपणं किंवा जन्मवेळचं कमी वजन असतं. नऊ महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजायचं.

पाच ते एकोणीस वर्षांचा तक्ता २००७ चा, आणि त्याचा पाया जुन्या अमेरिकी मुलांच्या मोजमापांवर आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यावर मुलींची मधली उंची १६३ सेंटीमीटरच्या आसपास आणि मुलांची १७६ च्या वर दाखवली आहे. आपल्या ओळखीतल्या घरांकडे नजर टाकली की अंतर लगेच कळतं.

दुसरा तक्ता भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, २०१५ चा, पाच ते अठरा वर्षांसाठी. देशातल्या वेगवेगळ्या शहरांमधल्या मध्यम आणि वरच्या आर्थिक स्तरातल्या मुलांच्या मोजमापांवरून तो बनवला, आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. लठ्ठ मुलांची मापं त्यातून वगळली, कारण जाड मुलांमुळे वजनाच्या रेषा उगाच वर सरकतात. पाच वर्षांनंतर माझं मत स्पष्टपणे याच तक्त्याच्या बाजूने आहे. जागतिक तक्त्यावर निरोगी भारतीय मूलही ‘बुटकं’ ठरू शकतं, आणि मग नको त्या तपासण्या आणि उंची वाढवायच्या पावडरींचे डबे घरात येतात.

एक सावधगिरी. पाचव्या वाढदिवशी तक्ता बदलला की टिंब एकदम वेगळ्या पट्ट्यात गेलेलं दिसतं. ती मुलाची वाढ नव्हे, कागद बदलल्याचा परिणाम. परदेशातल्या मराठी घरांनाही हे लागू आहे. अमेरिकेत दोन वर्षांनंतर तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा, तक्ता वापरतात. सुट्टीत भारतात आल्यावर इथल्या तक्त्याशी त्याची गल्लत करू नये, सलग नोंद एकाच तक्त्यावर ठेवावी.

तक्ता कुठलाही असो, तिसऱ्या शतमानाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या, रेषेखाली शंभरातली तीन निरोगी मुलंही असतातच. म्हणून आईबाबांच्या उंचीचा हिशोब हवा. दोघांच्या सेंटीमीटरमधल्या उंचींची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. ही मुलाची मोठेपणीची अंदाजे उंची. आमचं गणित: १६५ अधिक १५० वजा १३, भागिले दोन, म्हणजे १५१. जागतिक तक्त्यावर एकोणिसाव्या वर्षी १५१ हा आकडा जवळजवळ तिसऱ्या शतमानाच्या रेषेवरच येतो. लेक त्या रेषेजवळ का, हे तिथे उलगडलं. पण आईबापांपैकी एखादा लहानपणच्या आजाराने किंवा उपासमारीने ठेंगणा राहिला असेल, तर हा हिशोब फसवतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एक टिंब काहीच सांगत नाही. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२, चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. वर्षाला चारपेक्षा कमी वाढ झाली किंवा टिंबं रेषा सोडून खाली घसरू लागली, तर ‘मामाही उशिराच वाढला’ म्हणून थांबू नका. मामासारखी उशिरा वाढणारी मुलं असतात, पण ते डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून, हाडांचं वय पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी समजला जाणारा सीलिअ‍ॅक आजार, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांमधला दोष, हे वेळेवर सापडलं तर उपचाराला वर्षं हाताशी राहतात. हाडांची टोकं जुळली, म्हणजे हाडांची वाढ थांबली, की ती वर्षं राहत नाहीत.

मोजताना बूट, मोजे, केसांचा अंबाडा काढा, टाचा भिंतीला टेकवा, नजर समोर. दोन वर्षांखालचं बाळ आडवं ठेवूनच मोजायचं. दर महिन्याला दारावर पेन्सिलीच्या खुणा करू नका. तीन महिन्यांत एक सेंटीमीटरची चूक झाली तर वर्षाच्या हिशोबात ती चार होते. सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मापपट्टीवर आणि त्याच वेळी मोजा, कारण संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. आमची पुढची तारीख वहीत लिहिलेली आहे, सकाळची.