आधी ‘द अल्केमिस्ट’ की ‘जोनाथन लिव्हिंग्स्टन सीगल’?

नोकरी सोडून मनासारखं काही करायचं डोक्यात घोळत असलं की कुणी ना कुणी या दोनांपैकी एक पुस्तक हातात ठेवतंच. दोन्ही छोटी. ‘जोनाथन’ तर एका बैठकीत संपतं. स्वभाव मात्र दोघांचे अगदी निराळे.

पावलो कोएलो यांचं ‘द अल्केमिस्ट’ १९८८ साली पोर्तुगीजमध्ये आलं. स्पेनमधल्या अंदालुसियातल्या सान्तियागो या मेंढपाळाला पिरॅमिडजवळच्या खजिन्याचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. तो मेंढ्या विकून समुद्रापलीकडे मोरोक्कोतल्या टँजिअरला पोचतो आणि पोचल्या पोचल्या लुबाडला जातो. मग काचसामानाच्या एका दुकानात कामाला राहतो. माझ्या मते पुस्तकाचा खरा जीव इथेच आहे. त्या दुकानदाराला आयुष्यभर मक्केला जायचंय. पुढे धंदा चालतो, पैसा येतो, तरी तो निघत नाही. जाऊन आल्यावर जगायचं कशासाठी, ही त्याची भीती! ‘सगळं विश्व तुमच्या मदतीला येतं’ हे पुस्तकातलं वाक्य स्टेटसला ठेवणारे या माणसाला बहुधा विसरलेले असतात. पुढे वाळवंटात वारा आणि सूर्यही बोलू लागतात, तिथे माझा धीर सुटतो. शिवाय सान्तियागोची प्रेयसी फातिमा हिने ओअॅसिसमध्ये वाट पाहत बसायचं; तिचं स्वप्न काय, हे कुणी विचारतच नाही.

रिचर्ड बाख स्वतः वैमानिक, आणि १९७० च्या त्यांच्या ‘जोनाथन’मध्ये ते जाणवतं. जोनाथन हा सीगल, म्हणजे समुद्रपक्षी; त्याला उडण्याचंच वेड. ‘अल्केमिस्ट’सारखे इथे शकुन नाहीत, सराव आहे. आई म्हणते, नुसती हाडं आणि पिसं उरलीत तुझी. बाप म्हणतो, हिवाळा तोंडावर आलाय, आधी पोटाचं बघ. (आपल्याच घरातला संवाद वाटावा.) पोरगं मात्र वेगात सूर मारतं, तोल जाऊन पाण्यावर आपटतं, पुन्हा वर जातं. ससाण्याचे पंख आखूड असतात हे ध्यानात आल्यावर ते आपले पंख मिटून फक्त टोकं बाहेर ठेवतं, आणि शेवटी ताशी २१४ मैलांचा वेग गाठतं. बक्षीस? थव्यातून हकालपट्टी. दुसऱ्या भागात गोष्ट अध्यात्माकडे वळते आणि जरा पातळ होते.

तेव्हा काय करायचं हेच ठरत नसेल, किंवा ठरूनही पाऊल उचलत नसेल, तर ‘अल्केमिस्ट’ घ्या. त्या दुकानदारासाठी तरी घ्याच. गाणं, धावणं, कोडिंग असं काही आधीच हाती धरलं असेल आणि घरचे ‘याने पोट भरतं का’ म्हणत असतील, तर ‘जोनाथन’. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी ‘जोनाथन’ ठेवेन.

घेताना चौथा भाग असलेली आवृत्ती बघून घ्या. तो २०१४ मध्ये जोडला गेला. त्यात जोनाथन नाहीसा झाल्यावर पक्षी त्याचा देव करतात, विधी सुरू करतात आणि उडण्याचा सराव तेवढा सोडून देतात.