१४४१६ वर फोन केला, त्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात आमची साडेचार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. यंदा खांदशेकणीला आमच्या ह्यांनी बैलांना हळद-तूप लावलं नाही. पोळ्याला बैल तसेच उभे. पुढच्या आठवड्यात बँकेचं पासबुक माझ्या हातात दिलं नि म्हणाले, "पोराईकडे लक्ष ठेवजो."

त्या रात्री मी झोपलेच नाही. आशाताईने टेलिमानसचा १४४१६ हा नंबर देऊन ठेवला होता. मनाच्या त्रासासाठी फोनवर सल्ला देणारी सरकारची मोफत सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची, रात्रंदिवस चालू. घरात रेंज येत नाही, म्हणून गोठ्यामागे जाऊन फोन लावला. मराठी निवडलं. ज्याला त्रास त्यानेच फोन करायचा असं मला वाटायचं. तसं नाही, घरच्यांनाही करता येतो.

समुपदेशक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग सरळ विचारलं, "जीव देण्याचं मनात येतं का, हे तुम्ही त्यांना विचारलंत?" मी घाबरले. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, अशीच आमच्याकडे समजूत. त्या म्हणाल्या, विचारल्याने तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि फवारणीची औषधं आजच घराबाहेर काढा. रात्रीच सगळे डबे जाऊबाईंच्या कोठीत कुलपात ठेवले, किल्ली त्यांच्याकडे.

सकाळी चुलीजवळ विचारलं. कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग रडले. बोंडअळी, सावकार, नणंदेच्या लग्नाचं कर्ज, सगळं निघालं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

दवाखान्याचं नाव काढलं तर, "मी काय येडा हाओ काय?" मामंजींना वाटे, पोलिसांत नाव जाईल. तसं काही होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तणावाखालचा समजतात, शिक्षा करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा १४४१६ लावला आणि फोन ह्यांच्याच हातात दिला. वीसेक मिनिटं बोलले, तेव्हा कुठे तयार झाले.

दवाखान्याची पहिली चक्कर वाया गेली, मनोविकाराचे डॉक्टर त्या दिवशी नव्हतेच. एक दिवसाची मजुरी बुडाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार. म्हणून निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या. दुसऱ्यांदा डॉक्टर भेटले. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मधेच बंद करू नका, असं बजावलं.

कर्जाचं काही ह्या नंबरवर मिटत नाही, आमचं आहे तसंच आहे. पण हे आता रात्री झोपतात. काल स्वतःहून बैलांना पाणी दाखवलं. मंगळवारी पुढची तारीख आहे, बस किती वाजता ते त्यांनीच विचारून आणलं.