'बाय' की 'टिल', 'डाउट' की 'क्वेश्चन': आधी मराठी क्रियापद बघा

इंग्रजीत ईमेल लिहिताना दोन शब्दांपाशी हात अडतो. शब्दकोश उघडावा तर दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ. 'बाय' म्हणजे पर्यंत, 'टिल' म्हणजेही पर्यंत. 'हिअर' म्हणजे ऐकणे, 'लिसन' म्हणजेही ऐकणे. मग निवडायचं कसं?

ऑफिसातल्या नव्या मुलांची पत्रं पाठवण्याआधी वाचून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. हे फरक मराठीत नाहीत असं नाही. ते बहुतेक वेळा क्रियापदात असतात आणि आपण शोधतो भलत्याच शब्दात. म्हणून मनातलं मराठी वाक्य अर्धवट सोडू नका, क्रियापदापर्यंत न्या.

'बाय' की 'टिल'?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि तारखेचा प्रश्न असल्यामुळे त्या महागात पडतात. 'सोमवारपर्यंत थांबा' आणि 'सोमवारपर्यंत पैसे भरा' या दोन्हींत 'पर्यंत' तेच आहे. पण थांबणं सोमवार येईतो चालूच राहतं, पैसे मात्र एकदाच भरायचे असतात. जे चालू राहतं त्याला 'टिल' किंवा 'अंटिल', जे एकदाच उरकायचं त्याला 'बाय'.

मुलांना मी एक सोपी युक्ती सांगते. क्रियापदाला 'राहा' जोडून बघा, मग 'टाका' जोडून बघा. 'सोमवारपर्यंत थांबून राहा' जमतं, म्हणून 'वेट टिल मंडे'. 'सोमवारपर्यंत भरून टाका' जमतं, म्हणून 'पे बाय मंडे'. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही सोमवार उजाडेपर्यंत रोज रिपोर्ट पाठवत राहणार आहात.

नकारार्थी वाक्यात जास्त जपावं लागतं. 'आय वोंट स्टार्ट टिल मंडे' म्हणजे सोमवार येईपर्यंत हात लावणार नाही, सोमवारी सुरू करेन. 'आय वोंट फिनिश बाय मंडे' म्हणजे सोमवार आला तरी काम संपलेलं नसेल. पहिल्यात सोमवारचा शब्द दिलाय, दुसऱ्यात सोमवार हुकणार हे कळवलंय.

'टिल' आणि 'अंटिल' यांच्या अर्थात फरक नाही. 'टिल' हे 'अंटिल'चं छोटं रूप आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण दोघांत जुना शब्द 'टिल'च. औपचारिक पत्रात 'अंटिल' बरा दिसतो, एवढंच.

'सिन्स' की 'फॉर'?

इथे 'पासून' गोंधळ घालतो. 'दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय' आणि '2019पासून पुण्यात राहतोय'. दोन्हींतलं 'पासून' काढून बघा. 'दोन वर्षं पुण्यात राहतोय' हे वाक्य उभं राहतं, तिथे 'फॉर'. '2019 पुण्यात राहतोय' कोसळतं, तिथे 'सिन्स'. म्हणजे कालावधी मोजायचा असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स'.

मराठीतलं 'राहतोय' वर्तमानकाळाचं आहे म्हणून 'आय ॲम लिव्हिंग' असं सुचतं, पण या दोन्ही शब्दांबरोबर इंग्रजीला 'आय हॅव बीन लिव्हिंग' लागतं.

'डाउट' की 'क्वेश्चन'?

वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणत आपण मोठे झालो, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र 'डाउट' टाळावा, असं मी आग्रहाने सांगते. एका मुलाने परदेशातल्या ग्राहकाला लिहिलं होतं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस'. त्याला एक रक्कम समजून घ्यायची होती. समोरच्याला वाटलं, आपल्या बिलावर अविश्वास दाखवलाय. ते निस्तरायला दोन दिवस आणि तीन फोन लागले.

मराठी इथे किती नेमकी आहे बघा. आपण शंका *विचारतो* आणि शंका *घेतो*. शंका विचारणं म्हणजे 'क्वेश्चन'. शंका घेणं म्हणजे 'डाउट'. नाम तेच राहतं आणि क्रियापद बदललं की माणसाचा हेतूच बदलतो.

'हिअर' की 'लिसन'? 'सी', 'लुक' की 'वॉच'?

ऐकू येणं म्हणजे 'हिअर', ऐकणं म्हणजे 'लिसन'. दिसणं म्हणजे 'सी', बघणं म्हणजे 'लुक', बघत राहणं म्हणजे 'वॉच'. क्रिकेटचा सामना आपण बघत बसतो, म्हणून तिथे 'वॉच'. सिनेमाला 'सी' आणि 'वॉच' दोन्ही चालतात, थिएटरात जाऊन पाहिला तर 'सी' जास्त कानावर पडतो.

ऑनलाइन मीटिंगमध्ये 'ॲम आय ऑडिबल?' विचारायची आपल्याकडे रीत पडलीय. व्याकरणात ते बसतं, पण अवघडलेलं वाटतं. 'कॅन यू हिअर मी?' म्हणावं. 'आर यू लिसनिंग?' मात्र साहेबांना चुकूनही विचारू नये, कारण त्याचा अर्थ होतो 'लक्ष आहे ना तुमचं?'

'अफेक्ट' की 'इफेक्ट'?

'परिणाम होणे' किंवा 'परिणाम करणे' हे अख्खं क्रियापद म्हणजे 'अफेक्ट'. नुसता 'परिणाम' हे नाम म्हणजे 'इफेक्ट'. गडबडलात तर औषधाचा 'साइड इफेक्ट' आठवा, 'साइड अफेक्ट' कोणी म्हणत नाही. 'इफेक्ट'चा क्रियापद म्हणूनही वापर होतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे'. पण रोजच्या पत्रात तो क्वचितच लागतो.

'लेस' की 'फ्यूअर'?

पाणी कमी *आहे*, तिथे 'लेस'. माणसं कमी *आहेत*, तिथे 'फ्यूअर'. पैसे, अंतर आणि वेळ इंग्रजी एकगठ्ठा धरते, म्हणून '10 किलोमीटरपेक्षा कमी'ला 'लेस दॅन'च, मराठीत काहीही येवो. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'फ्यूअर'च लावायचा, हा नियम तितकासा जुना नाही. 1770 मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी आपली पसंती म्हणून तो मांडला, आणि पुढे त्याचा दंडक झाला. त्याआधी कित्येक शतकं मोजता येणाऱ्या गोष्टींनाही 'लेस' लावला जात होता. बोलताना आजही लावतात. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानसाखळीच्या काउंटरवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवर लोकांनी इतकी हरकत घेतली, की 2008 मध्ये टेस्कोने तिथे 'अप टू टेन आयटम्स' असं लिहायचं ठरवलं. अर्जात किंवा अहवालात तुम्ही 'फ्यूअर'च लिहा, बोलण्यात स्वतःला अडवू नका.

'हिस्टॉरिक' की 'हिस्टॉरिकल'?

इथे मराठी क्रियापद कामाला येत नाही. दोन्ही 'ऐतिहासिक'च. फरक वेगळा लक्षात ठेवावा लागतो. 6 जून 1674 चा रायगडावरचा राज्याभिषेक 'हिस्टॉरिक', कारण त्याने इतिहास घडवला. पेशवे दफ्तरातला धान्याचा साधा हिशेब 'हिस्टॉरिकल', कारण तो इतिहासकाळातला आहे, त्याने काही घडवलेलं नसलं तरी. कंपनीच्या विक्रमी वर्षाबद्दल लिहिताय? मग 'हिस्टॉरिक'. गेल्या 10 वर्षांच्या विक्रीचे आकडे जोडताय? मग 'हिस्टॉरिकल डेटा'.