बेटावर एकटीनं: ओक ब्लफ्स की नँटकेट?

ऑफिसातल्या मैत्रिणीला चार दिवस एकटीनं बेटावर जायचंय. ती कृष्णवर्णीय. म्हणाली, "शांत हवं, पण येणाऱ्या-जाणाऱ्यानं वळून बघायला नको." बोस्टनहून दोन बेटं सोयीची. मी दोन्ही फिरलेय. पण माझा सावळा रंग आणि तिचा रंग लोक एकाच नजरेनं बघत नाहीत, त्यामुळे माझ्या अनुभवावर फार विसंबू नकोस, हे तिला आधीच सांगितलं.

पहिलं मार्थाज व्हिनयार्ड, त्यातलं ओक ब्लफ्स गाव. वुड्स होल बंदराहून फेरीबोटीनं पाऊण तास. कृष्णवर्णीय कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्याला येतात. हॉटेलं त्यांना खोली नाकारत, त्या काळात शिअरर कॉटेजमध्ये जागा मिळे. गुलामगिरीत जन्मलेल्या चार्ल्स शिअरर यांनी पत्नीसह ते १९१२ मध्ये सुरू केलं. किनाऱ्याचं नाव इंकवेल, म्हणजे चक्क दौत! नाव हिणवायला पडलं असं म्हणतात. आज तेच नाव लोक अभिमानानं सांगतात. तिथं उन्हाळाभर सकाळी साडेसातला 'पोलर बेअर्स' मंडळी पाण्यात रिंगण धरून व्यायाम करतात, गातात. १९४६ पासून चाललंय. नवख्यालाही रिंगणात ओढून घेतात, एकट्या माणसाला आणखी काय हवं? मात्र ऑगस्टमध्ये इथं शांतता शोधायला जाऊ नये. पाय ठेवायला जागा नसते.

नँटकेट खरं शांत, निदान ऑक्टोबरात. ह्यानिस बंदराहून साधी फेरीबोट सव्वादोन तास घेते. राखाडी लाकडी घरं, धुकं, आणि सिआस्कॉन्सेटच्या सायकलवाटेवर चिटपाखरू नाही. इतिहास इथलाही मोठा: अ‍ॅब्सलम बॉस्टन यांनी १८२२ मध्ये देवमाशांच्या शिकारीला 'इंडस्ट्री' जहाज नेलं, खलाशी सगळे कृष्णवर्णीय. त्यांच्या वस्तीतलं आफ्रिकन मीटिंग हाऊस, म्हणजे सभा-प्रार्थनेची जागा, अजून उभं आहे. २०१८ मध्ये त्याच्यावर कुणीतरी वर्णद्वेषी मजकूर रंगवला होता, तेही तिला सांगितलं. शिवाय सीझन संपल्यावर खानावळीत ती एकटीच कृष्णवर्णीय असण्याची शक्यता बरीच. काहींना त्याचं काही वाटत नाही. तिला वाटतं.

म्हणून पहिल्या खेपेला ओक ब्लफ्स, ४ जुलैच्या सुट्टीची गर्दी ओसरली की लगेच. रिंगण नको असेल तर सप्टेंबर उत्तम. गाडी मात्र नेऊ नये; फेरीत गाडीची जागा फार आधी भरते, आणि बेटावर बस बारा महिने आहे.